सगळ्यांच्या वाट्याला येणारा एक टक्का

दर तीन-चार महिन्यांनी ठाण्यातल्या रुग्णालयात, आमच्या किरणोपचार विभागात, इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा नवा सोर्स येतो. तारेच्या टोकाला जोडलेली, तांदळाच्या कणीएवढी कुपी. जाडी एक मिलिमीटरच्या आत, लांबी चार-साडेचार मिलिमीटर. येते तेव्हा तिच्यात साधारण १० क्युरी किरणोत्सर्ग असतो, म्हणजे दर सेकंदाला ३७ हजार कोटी अणूंचं विघटन. एरवी ती आफ्टरलोडर नावाच्या यंत्राच्या जाड कवचात बंद असते. उपचाराच्या वेळी यंत्र तार पुढे ढकलतं, कुपी नळीतून रुग्णाच्या शरीरात थेट गाठीपाशी जाते, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबते आणि परत कवचात येते. ब्रॅकीथेरपी ती हीच. आमच्याकडे बहुतेक बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या येतात. पाच आठवडे बाहेरून किरणं घेऊन झालेली असतात, मग ही पाळी. त्या तिला ‘आतली लाइट’ म्हणतात.

सोर्सबरोबर एक प्रमाणपत्र येतं. त्यावर त्याची ताकद छापलेली असते, कोणत्या दिवशी, किती वाजता मोजली तेही असतं, खाली सही असते. आणि तरीही ज्या दिवशी सोर्स बदलतो त्या दिवशी आम्ही तो पुन्हा मोजतो. त्यात अर्धा दिवस जातो. या अर्ध्या दिवसाबद्दल मला बरेचदा विचारलं जातं. प्रशासनातले लोक विचारतात, शिकायला येणारी मुलं विचारतात, कधी डॉक्टरही विचारतात: कंपनीने मोजून दिलंय, कागद आहे, मग पुन्हा कशाला? त्यांचा प्रश्न रास्त आहे. बाहेर रुग्ण थांबलेले असतात, त्यातली एखादी मुरबाडहून पहाटेच्या एसटीने निघालेली असते. उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देते तेव्हा माझं मलाच ते अपुरं वाटतं.

आधी मोजतो कसं ते सांगते. वेल चेंबर हे आमचं मुख्य साधन. नावाप्रमाणेच विहीर: पाण्याच्या तांब्याहून थोडं मोठं धातूचं भांडं, मधोमध खोल नळी. सोर्स त्या नळीत उतरवला की भोवतालच्या पोकळीतली हवा आयनित होते आणि एक बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. १० क्युरीच्या ताज्या सोर्सला तो ८०-९० नॅनोअँपिअरच्या आसपास असतो. नॅनो म्हणजे अब्जावा भाग. हा प्रवाह इलेक्ट्रोमीटर वाचतो. त्याला चेंबरच्या गुणांकाने, म्हणजे किती प्रवाहाला किती ताकद हे सांगणाऱ्या त्या चेंबरच्या आकड्याने, गुणलं की सोर्सची ताकद मिळते. आम्ही तिला एअर कर्मा स्ट्रेंथ म्हणतो. क्युरी हे एकक बोलण्यापुरतं राहिलं आहे, हिशेब सगळा या ताकदीवर चालतो.

चेंबर आदल्या संध्याकाळीच उपचाराच्या खोलीत आणून ठेवायचं. भिंतीपासून आणि जमिनीपासून मीटरभर दूर, कारण भिंतीवर आपटून परत येणारी किरणंसुद्धा त्यात मोजली जातात. रात्रभर एसीत राहिलं की सकाळी त्याच्या आतली हवा आणि खोलीतली हवा एका तापमानाला येतात. मी थर्मामीटर टेबलावर ठेवत नाही, विहिरीत सोडते. आतलं तापमान टेबलावरच्यापेक्षा अर्ध्या अंशाने वेगळं सापडलं की आणखी थांबायचं. मग सोर्स नळीत थोडा थोडा सरकवत प्रत्येक जागी वाचन घ्यायचं. तळापासून वर येताना प्रवाह वाढत जातो, एका जागी सर्वात जास्त होतो, पुढे उतरतो. ती सर्वाधिक प्रवाहाची जागा आमच्या चेंबरमध्ये तळापासून पाच सेंटिमीटरच्या जवळपास येते. तिथे एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे झालं तरी आकडा जवळजवळ हलत नाही, म्हणून मोजमाप तिथेच घ्यायचं. पूर्वी साधं चेंबर हवेत सोर्सपासून १० सेंटिमीटरवर ठेवून मोजत. त्यात अंतर एका मिलिमीटरने चुकलं तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकायचं. वेल चेंबरने ती धास्ती संपवली.

त्यानंतर येतो हवेचा दाब. चेंबरची पोकळी बाहेरच्या हवेला खुली असते. आतली हवा विरळ असेल तर आयन कमी तयार होतात आणि सोर्स आहे त्यापेक्षा अशक्त दिसतो. म्हणून तापमान आणि दाब यांची दुरुस्ती करावी लागते. ठाण्यात जानेवारीत दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जुलैत १००२ पर्यंत उतरतो. एवढ्याने एक टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधला आकडा मात्र घेऊ नये, कारण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. खाडीकाठच्या ठाण्यात त्याने फारसं बिघडत नाही, पण समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात तोच आकडा घेतला तर हिशेब सहा टक्क्यांनी चुकेल. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि महिन्याभराने पुन्हा विचारते.

शेवटी आमचं उत्तर आणि प्रमाणपत्रावरचा आकडा, त्या दिवसापर्यंतची घट धरून, शेजारी शेजारी मांडायचे. इरिडियम-१९२ चा अर्धायुकाल, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, जेमतेम ७४ दिवसांचा. रोज साधारण एक टक्का कमी होतो. विघटन झालेल्या अणूंपैकी बहुतेकांचं प्लॅटिनम होतं, थोड्यांचं ऑस्मियम. परत पाठवलेल्या जुन्या सोर्समध्ये खरोखर थोडं प्लॅटिनम जातं, याची मला अजूनही मौज वाटते. घट वेळेवर अवलंबून असल्यामुळे तारीख अचूक लागते. युरोपातली वेळ आणि आपली वेळ यांच्या फरकाने ०.२ टक्क्यांच्या आतच काय ते होतं, पण दिवस आणि महिना उलटे वाचले गेले तर? ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे? मध्ये ५९ दिवस, आणि तेवढ्यात सोर्स ४० टक्क्यांहून जास्त उतरतो. म्हणून आमच्या वहीत महिना नेहमी अक्षरांत लिहायचा. हिशेब दोघांनी वेगळा करायचा, मी कागदावर आणि माझ्या सहकाऱ्याने एक्सेलमध्ये, उत्तर येईपर्यंत एकमेकांचं बघायचं नाही.

दोन आकड्यांतला फरक तीन टक्क्यांच्या आत असला की चालतं. त्यापुढे गेला तर कारण शोधायचं. पाच टक्क्यांपुढे असेल तर खुलासा होईपर्यंत त्या सोर्सने कोणावरही उपचार करायचे नाहीत. बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. आणि बहुतेक वेळा फरक एका टक्क्याच्या आतच येतो. इथेच तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. दरवेळी जमतंच, तर दरवेळी कशाला?

आमच्या वहीत एक रकाना आहे. आम्ही मोजलेली ताकद भागिले प्रमाणपत्रावरची ताकद. वर्षानुवर्षं तो आकडा १ च्या किंचित वर असायचा, १.००४, १.००६ असा. एका जुलैत तो ०.९९४ आला. नियमाने पाहिलं तर उत्तम, अर्ध्या टक्क्याचा फरक, सही करून पुढे जावं. पण वहीची पानं मागे उलटल्यावर दिसलं की हा आकडा आजवर १ च्या खाली कधी आलेला नव्हता. तापमान तपासलं, इलेक्ट्रोमीटर तपासला, चेंबर तपासण्यासाठी ठेवलेला सिझियमचा चेक सोर्स घालून पाहिला तर तोही एक टक्क्याने कमी दिसत होता. सिझियम-१३७ चा अर्धायुकाल ३० वर्षांचा, तो महिन्या-दोन महिन्यांत एक टक्का उतरत नाही. मग नजर भिंतीवरच्या बॅरोमीटरकडे गेली. काटा १०१३ वर. बाहेर धो धो पाऊस आणि काटा जानेवारीतल्या दाबावर! हवामान खात्याच्या कुलाब्याच्या नोंदीत त्या सकाळी १००२ होते. काचेवर बोटाने टकटक केली तरी काटा हलला नाही. आत अडकला होता.

दुरुस्ती केली, आकडा १.००५ वर आला, वही पूर्ववत झाली. त्या एका टक्क्याने एकाही रुग्णाचं काही बिघडलं नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण मर्यादेत बसणारा आकडा आणि बरोबर आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक जुन्या नोंदीच दाखवू शकतात. फक्त कागदाशी ताडून ‘तीन टक्क्यांच्या आत’ असं लिहून वही मिटली असती, तर तो बॅरोमीटर आणखी किती काळ भिंतीवर राहिला असता कोण जाणे. पुढे दुसरं काही त्याच दिशेने चुकलं असतं तर दोन्ही चुकांची बेरीज झाली असती.

इथे जाणकार वाचक म्हणतील, एका टक्क्याचं एवढं काय? प्रत्यक्ष उपचारात याहून मोठ्या चुका होतात. खरं आहे. गर्भाशयमुखाच्या उपचारात डोस ज्या बिंदूला सांगण्याची जुनी रीत आहे, तो ‘बिंदू ए’ मधल्या नळीपासून आडवा दोन सेंटिमीटरवर असतो. सोर्स बिंदूएवढा धरला तर त्या अंतरावर एका मिलिमीटरची चूक म्हणजे डोसमध्ये सुमारे १० टक्के. रुग्णाला टेबलावरून ट्रॉलीवर नेताना ॲप्लिकेटर, म्हणजे शरीरात बसवलेलं नळ्यांचं साधन, थोडा सरकतो, मूत्राशय भरतं, आतडं हलतं. यापुढे माझा एक टक्का कुठे पुरणार?

फरक एवढाच की त्या चुका दर वेळी वेगळ्या असतात. आज एकीच्या बाबतीत ॲप्लिकेटर वर सरकेल, पुढच्या आठवड्यात तिच्याच बाबतीत खाली सरकेल, दुसरीच्या बाबतीत हलणारच नाही. चार वेळांत त्यातलं बरंच फिटून जातं. आणि त्या दिसतात: सीटी काढला की डॉक्टरांना कळतं, आम्ही प्लॅन बदलतो. सोर्सची ताकद हिशेबात चुकीची भरली गेली तर ती चूक त्या सोर्सवर येणाऱ्या प्रत्येक बाईला, प्रत्येक वेळी, एकाच दिशेने लागते. कुणालाच काही जाणवत नाही. डोस पाच टक्के कमी पडला म्हणून दुखत नाही. कमी पडलेल्या डोसचा परिणाम दिसलाच तर दोन वर्षांनी, एखादीचा आजार उलटला म्हणून, आणि तेव्हा त्याचा संबंध त्या सकाळच्या आकड्याशी कोणीही जोडणार नाही. जास्त पडला तर आतड्याला, मूत्राशयाला त्रास होतो, तोही महिन्यांनंतर. एकेका रुग्णाकडे पाहून ही चूक सापडू शकत नाही. ती फक्त मोजतानाच सापडते. त्या अर्ध्या दिवसाचं माझं खरं उत्तर हे आहे.

इंग्लंडमधल्या एक्झेटर इथे १९८८ मध्ये नेमकं हेच झालं. तो सोर्स बाहेरून किरणं देणाऱ्या कोबाल्ट यंत्राचा होता. सोर्स नवा आला, ताकद मोजताना चूक झाली, आणि २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त डोस मिळाला. काही महिने रोज उपचार चालू होते. चूक उघड झाली ती बाहेरच्यांनी स्वतंत्रपणे मोजल्यावर, देशभरातल्या केंद्रांची तुलना सुरू होती तेव्हा. तिथल्या लोकांनी मोजलं नव्हतं असं नाही; मोजलं होतं. दुसऱ्या कोणी मोजलं नव्हतं.

म्हणून आमच्या चेंबरचा गुणांकही आम्ही स्वतः ठरवत नाही. ठरावीक मुदतीने ते चेंबर भाभा अणुसंशोधन केंद्रात जातं. आपल्या देशात आयनकारी किरणांची मानकं सांभाळण्याचं काम त्या केंद्राकडे आहे आणि त्याची प्रयोगशाळा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या जाळ्यात आहे. कुरिअरने मी चेंबर पाठवत नाही. पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपर, मानखुर्द करत गाडीत मांडीवर घेऊन बसते, कारण आतला इलेक्ट्रोड धक्क्याने हलला तर गुणांकाला काही अर्थ राहत नाही. अणुशक्तीनगर आलं की विद्यार्थिदशा आठवते. तिथल्या प्रशिक्षणात आम्हाला एकच वाचन इतक्या वेळा घ्यायला लावत की कंटाळा यायचा. तो कंटाळा आता उपयोगी पडतो.

एकाचं मोजमाप दुसऱ्याशी ताडण्याच्या या साखळीची सुरुवात शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०१ मध्ये पिएर क्युरी यांनी पॅरिसमधल्या डॉ. दान्लो यांना रेडियम दिलं, आणि किरणोत्सर्गी पदार्थ थेट आजारी जागी ठेवून उपचार सुरू झाले. प्रत्येक गावचं रेडियम वेगळं, शुद्धता वेगळी, मोजण्याची पद्धत वेगळी. एका ठिकाणच्या डॉक्टरने लिहिलेला डोस दुसऱ्या ठिकाणी वापरताच येईना. मग १९११ मध्ये मेरी क्युरी यांनी २१.९९ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद करून जगासाठी पहिलं मानक तयार केलं. पुढच्या वर्षी व्हिएन्नात बनवलेल्या नळ्यांशी त्याची पॅरिसमध्ये तुलना झाली. मेरी क्युरींसारख्या शास्त्रज्ञ बाईंनी मोजलेलंसुद्धा दुसऱ्याच्या मोजमापाशी ताडून पाहिलं गेलं, आणि यात कोणाचा अवमान आहे असं त्या काळी कोणाला वाटलं नाही. आपल्याकडे मात्र ‘पुन्हा मोजू का?’ म्हटलं की समोरच्याला अविश्वास वाटतो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी शहापूरच्या पुढच्या एका गावातून मावशी यायच्या. आठवड्यातून एकदा, एकूण चार वेळा. बरोबर सून असायची, शांत, पण फार बारीक लक्ष असलेली. शेवटच्या दिवशी मावशींना बाहेर आणल्यावर ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, पहिल्या वेळी मशीन साडेसहा मिनिटं चाललं. आज आठ मिनिटं झाली. आईंचं वाढलंय का?” दारावरचा दिवा लागल्यापासून विझेपर्यंत ती दर वेळी फोनवर वेळ लावत होती. मनात भीती धरून तिने तीन आठवडे काढले होते. मी तिला बसवून सांगितलं की सोर्स दर आठवड्याला सहा-साडेसहा टक्क्यांनी उतरतो, म्हणून तेवढाच डोस द्यायला दर वेळी जास्त वेळ लागतो. आजार वाढला म्हणून नव्हे. तिने विचारलं, “म्हणजे आईंना दर वेळी सारखंच मिळालं ना?” मी म्हटलं, “सारखंच.”

हे उत्तर मी एका श्वासात देऊ शकले, कारण सोर्स बदलला त्या दिवशी मी तो मोजला होता. कागद वाचून मला ते देता आलं नसतं. मोजलेला आणि छापलेला आकडा मर्यादेत जुळत असतील तर उपचाराच्या प्लॅनिंगमध्ये कोणता भरावा, यावर आमच्या क्षेत्रात दोन मतं आहेत. मी आमचा भरते. तिच्यासारख्या बाईने विचारलं तर उत्तर देणारी मी असते, कारखान्यातला माणूस नसतो.

आता अनेक ठिकाणी इरिडियमऐवजी कोबाल्ट-६० चे बारीक सोर्स येऊ लागले आहेत. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा. दर तीन-चार महिन्यांनी सोर्स मागवणं, परवानग्या, जुना परत पाठवणं, हा सगळा व्याप वाचतो. लहान गावातल्या रुग्णालयांना तो परवडतो आणि त्यामुळे तिथल्या बायकांचा मुंबईचा फेरा चुकतो, हे फार मोलाचं आहे. पण इरिडियमची चूक तीन-चार महिन्यांत सोर्सबरोबर परत जाते. कोबाल्टची चूक वर्षानुवर्षं राहील. तिथे सुरुवातीचं मोजमाप एकाने करून भागणार नाही, असं माझं मत आहे; दुसऱ्या संस्थेच्या माणसाने दुसऱ्या चेंबरने ते करायला हवं.

आम्ही इरिडियमसाठीच ते सुरू केलं आहे. नेरूळच्या एका रुग्णालयातल्या सहकाऱ्याचं चेंबर वेगळ्या बनावटीचं आहे आणि त्याचा गुणांक वेगळ्या वर्षी काढलेला आहे. त्यांचा सोर्स बदलला तेव्हा मी आमचं चेंबर घेऊन ऐरोली पुलावरून गेले आणि आम्ही दोघांनी एकाच सकाळी एकच सोर्स मोजला. दोन उत्तरांत ०.६ टक्क्यांचा फरक आला. दोन्ही गुणांकांच्या प्रमाणपत्रांवर जेवढी अनिश्चितता लिहिली आहे, त्यात तो सहज बसतो. तरी तो नेहमी एकाच बाजूला राहतो का, हे पाहायचं आहे. आमचा पुढचा सोर्स ऑक्टोबरात येईल, पावसाळा संपून दाब वर चढू लागतो तेव्हा. त्या दिवशी त्यांचं चेंबर ठाण्यात असेल, नवा बॅरोमीटर तपासून ठेवला आहे, आणि दुपारपर्यंत एकाही रुग्णाची वेळ ठेवू नये असं पत्र मी प्रशासनाला आत्ताच दिलं आहे.